मोडक्या जुवावरचं बांडगूळ

पहिलं झाड मी शेणखत घालून मारलं. माझ्या नातसुनेनं परवा तिचं ऑर्किड रोज पाणी घालून मारलं आणि तोंड पाडून बसली. मी म्हटलं, "तोंड काय पाडतेस, मुळं कुजवलीस तू त्याची." ती म्हणाली, "आजी, तुम्हाला काय माहीत ऑर्किडचं?" दुकानातून झाडाबरोबर एक चिठ्ठी आली होती, त्यात सगळं लिहिलेलं होतं. तिनं ती वाचली नाही. माझ्याकडं चिठ्ठी नव्हती. मला शिकायला दोन वर्षं लागली आणि एक सासरा लागला. तेच लिहिते. मी चौथी शिकले आहे, तेव्हा सरळच लिहीन.

माझं सासर मालेगावहून शिरपूरला जाताना रस्त्यापासून कोसभर आत. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात मोडायचो. आधी मध्यप्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो. गावात कोणाला फरक कळला नाही.

घरात माणसं चार. सासरे, त्यांना आमच्याकडं मामाजी म्हणतात. सासू, तिला आत्याबाई. नवरा आणि मी. नवरा बोलणारा नव्हता, या गोष्टीत त्याचं काम नाही. परसात एक आंबा होता. आंबट, लोणच्याचा. मामाजींनी स्वतः कोय लावून वाढवलेला. निम्म्या गावाच्या बरण्या त्याच्या कैऱ्यांवर भरायच्या आणि मामाजी त्या मोठ्या दिलानं वाटायचे. वर्षातून एकदा विळा कमरेला खोचून ते झाडावर चढायचे आणि बांडगूळ कापून काढायचे. बांडगूळ म्हणजे झाडाच्या फांदीवर उगवणारं दुसरं झाड. ते फांदीत मुळं घुसवून तिचा रस पितं आणि फांदी वाळते. मामाजींचा त्याच्यावर फार राग. गावातला एक फुकट जेवणारा पाहुणा होता, त्यालाही ते बांडगूळच म्हणायचे, तोंडावर.

माझं माहेर वाशीमच्या खालच्या अंगाला, काळ्या रानातलं. ज्वारी, कापूस आणि बांधाला बाभळी. आंबा आम्ही बाजारात पाहायचो. हे लक्षात ठेवा, मी फसले ती याच्यामुळं.

लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात वादळ झालं आणि नाल्यावरच्या जुन्या मोहाची एक मोठी फांदी मोडून पडली. आम्ही बायका सकाळी काड्या गोळा करायला गेलो. त्या फांदीवर एक झाड चिकटलेलं होतं. पानं जाड, लांब, दोन्ही बाजूंना एकाआड एक. मुळं बोटाएवढी, पांढरी, सालीवर पसरलेली. आणि मधून एक दांडी निघालेली, तिच्यावर सात-आठ फुलं. पिवळट रंगावर तपकिरी जाळी, खालची पाकळी जांभळी, जीभ बाहेर काढल्यासारखी. वास गोड होता. मी ते सालीसकट खरवडून घेतलं. बायका हसल्या. "बांडगूळ घरी नेते का कोनी? सासरा तुले झाडावर टांगन."

मला फुलांचा फार सोस होता असं नाही. पण त्या घरात सगळं माझ्या आधीचं होतं. भांडी आत्याबाईंची, गाय मामाजींची, खाट नवऱ्याची. माझी एक पेटी होती, तिची किल्लीही आत्याबाईंच्या कमरेला. हे झाड मी आणलं होतं, म्हणून ते माझं.

रॉकेलच्या फुटक्या डब्यात मी चांगली काळी माती भरली, दोन ओंजळी शेणखत घातलं आणि झाड पार मानेपर्यंत पुरलं. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. वांगी याच्यावर चांगली येतात, मग हे का येणार नाही? वीस दिवसांत ते खालून काळं पडलं. ओढलं तर हातात आलं आणि घाण वास सुटला.

डब्यात मावलं नाही म्हणून एक फाटा मी तोडून फेकला होता. तो परसाच्या काट्याच्या कुंपणावर अडकला होता. माझं त्याच्याकडं लक्षही नव्हतं. आषाढात कुंपणावर वाळत घातलेला धडपा काढायला गेले तर तो फाटा हिरवागार, आणि खालून एक नवं मूळ निघालेलं, टोक पोपटासारखं हिरवं. जेवायला घातलं ते मेलं, उपाशी ठेवलं ते जगलं. मी तो फाटा काढला आणि लुगड्याच्या चिंधीनं आंब्याच्या बुंध्यावर बांधला, डोक्याएवढ्या उंचीवर. त्याची जागा झाडावर होती, झाड घरात एकच होतं. दुसरा विचार मी केला नाही.

आठ दिवसांत मामाजींना ते दिसलं.

इथं एक सांगायला पाहिजे. त्या वेळी सून सासऱ्याशी बोलत नसे. समोरही येत नसे. आली तर पदर ओढून, पाठ करून. काही सांगायचं असलं तर सासूमार्फत. मामाजी ओसरीवर बसायचे, मी चुलीपाशी, आणि आत्याबाई मधल्या दारातून टपाल नेल्यासारख्या ये-जा करायच्या. त्या दिवशी मामाजी बाहेर त्यांना म्हणाले, "सुनबाईले इचार, आंब्याच्या मानेवर जळू कायले बसवली?"

आत्याबाई आत आल्या. "ते इचारून राह्यले, काय बांधलं आंब्याले?"

मी म्हटलं, "त्याईले सांगा, ते झाडाचं काही खात नाही. दोन महिने काट्यावर होतं. काट्यावर काय भेटते खायले?"

आत्याबाई बाहेर गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या आणि म्हणाल्या, "राहू दे म्हन्ते."

मला वाटलं, सासरा समजूतदार आहे. खरं काय झालं ते मला पोळ्याला कळलं. बाहेर जाऊन आत्याबाईंनी सांगितलं होतं, "चुकलं म्हन्ते. काढून टाकते." मामाजी म्हणाले होते, "मंग ठीक हाय." आणि आत येऊन त्यांनी मला 'राहू दे' सांगितलं. दोघंही खूश. घर असंच चालवायचं असतं, असं त्यांचं मत होतं.

पोळ्याच्या सकाळी तोरणासाठी मामाजी आंब्याचे डहाळे काढायला गेले. तिथूनच त्यांचा आवाज आला. "काढते म्हने! हे त चार बोट वाढलं!"

आत्याबाई पुरणाच्या पातेल्यापाशी होत्या. मामाजी चिडून ओसरीवर आले, मी दाराआड, आणि आत्याबाईंची चोरी दोन्हीकडून उघडी पडली. त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. "मी नाही पडत आता मधात. तुमी जाना अन् सुनबाई जाने. मले पुरन घोटू द्या."

टपाल बंद झालं. आता मामाजी बोलणार कोणाशी? ते कोठ्यात गेले. आमच्याकडं गोठ्याला कोठा म्हणतात. कोठा चुलीच्या भिंतीला लागून होता. पांढऱ्या बैलाच्या शिंगांना रंग लावता लावता ते मला ऐकू जाईल अशा आवाजात बैलाला सांगू लागले.

"आयक रे बापू. आपल्या घरात एक बांडगूळ आलं हाय. सन हाय म्हनून आज काही नाही म्हनत. पन पुढच्या साली आंब्याले मोहोर आला, त ते राहीन. नाही आला, त मी सोता त्याले चुलीत घालीन. मंजूर असन त सांगा कोनी."

बैल काही बोलला नाही. मी पाट्यावर वरवंटा आपटला.

"मंजूर हाय म्हन्ते रे बापू," मामाजी म्हणाले. आवाजात फार आनंद होता. तो कशाचा ते मला संध्याकाळी कळलं.

"पैज लावली म्हने तू," आत्याबाई म्हणाल्या.

"हो."

"औंदा आंबा किती लागला होता, पाह्यलं ना? फांद्यायले टेकू द्या लागले."

"पाह्यलं. मंग?"

"मंग काय! आंबा एक साल देते अन् एक साल बसते. औंदा देल्ला, पुढच्या साली खाडा. लहान लेकराले मालूम हाय."

"मले नाही मालूम. आमच्या माहेरी आंबा नाही."

"मंग आंब्यावर पैज काहून लावली वं?"

मी विचारलं, "मामाजीले मालूम हाय हे?"

"त्याईनंच त लावलं झाड," आत्याबाई म्हणाल्या आणि हसत हसत खाली बसल्या. त्यांना उठवायला मला हात द्यावा लागला.

पौष गेला. शेजारच्या परसातला आंबा मोहोरानं पिवळा झाला. आमच्या आंब्याला नुसती पानं. मी रोज सकाळी वर पाहायचे, मान दुखली. नवस केला नाही. झाडाला नवस कळत असता तर कोणी खत घातलं नसतं. माझं झाड मात्र मजेत होतं, दोन मुळं सालीला घट्ट चिकटवून बसलं होतं. त्याला पैजेचं काही माहीत नव्हतं.

माघात एक दिवस मामाजी विळा घेऊन निघाले. आधी कोठ्यात गेले, बैलाला सांगायला. "बापू, मोहोर नाही. ठरलं तसं करतो."

आत्याबाई मंदिरात गेल्या होत्या. त्या असत्या तरी मधे पडल्या नसत्या. मी चुलीपाशी बसून राहिले असते तर पाच मिनिटांत झाड माझ्याच चुलीत आलं असतं. मी पदर पार हनुवटीपर्यंत ओढला, कोठ्याच्या दाराशी गेले, मामाजींकडं पाठ केली आणि मोठ्यानं म्हटलं, "बापू, पैज हरले मी. आंब्यावरून काढते. पन चुलीत घालायच्या आधी एक बात सांग. हे झाडाचा रस पेत असन, त वाळल्या लाकडावर मरन का जगन?"

मग मामाजी बैलाला म्हणाले, "मरन. वाळल्या लाकडात काय हाय प्यायले?"

"मंग बापू, वाळल्या लाकडावर बांधू द्या म्हन त्याईले. मेलं त त्याईचं काम झालं."

"अन् नाही मेलं त? इचार रे बापू."

"नाही मेलं त ते बांडगूळ नव्हतं."

बैल आमच्या दोघांच्या मधे उभा. एकदा इकडं कान, एकदा तिकडं. मामाजींना खोट काढता येईना. ते शेतकरी होते आणि ते बोलणं शेतकऱ्याला पटणारं होतं. शेवटी म्हणाले, "त्या खुंटीवरचं मोडकं जू घे म्हन. ते नाही लागत कोनाले."

जू म्हणजे बैलांच्या मानेवर ठेवतात ते आडवं लाकूड. या जुवाला एका टोकाशी तडा गेला होता, म्हणून खुंटीला पडून होतं. जुनं सागाचं, उन्हापावसानं खरबरीत झालेलं. मी आंब्यावरून झाड सोडवलं. एक मूळ तुटलं. नारळाच्या शेंडीचा पातळ थर खाली ठेवून झाड जुवावर बांधलं आणि जू कोठ्याच्या वळचणीला सुंभानं टांगलं. तिथं सकाळचं ऊन यायचं, दुपारी सावली.

मग उन्हाळा आला. आमचा उन्हाळा झाडाला काय, माणसालाही सोडत नाही. खालची दोन पानं सुरकुतली, पिवळी पडली, गळली. मामाजी रोज सकाळी दूध काढायला बसले की भिंतीपलीकडून विचारायचे, "मेलं का रे बापू?" मी चुलीपासून उत्तर द्यायचे, "नाही." तेवढंच. मग आम्ही दोघं आपापल्या कामाला.

त्या उन्हाळ्यात मी जे शिकले ते आजही तसंच करते. मुळं पांढरी दिसली की झाड तहानलं आहे. पाणी शिंपडलं की ती हिरवी होतात. हिरवी झाली की थांबायचं, आणखी एक थेंब नाही. पाणी सकाळी द्यायचं, म्हणजे दिवसभरात वाळतं. ओलं ठेवून कधी सोडायचं नाही. दुपारच्या झळांसाठी मी झाडाच्या मागं ओलं पोतं टांगायचे, झाडाला न लावता, हातभर दूर. पान काळपट हिरवं झालं तर सावली जास्त झाली, तांबूस ठिपके आले तर ऊन जास्त. खत नाही. फार वाटलं तर डाळ धुतलेलं पाणी, महिन्यातून एकदा. बाकी त्याला एकटं सोडायचं. माणसांपेक्षा सोपं आहे.

चैत्र संपता संपता एक नवं मूळ निघालं. मग दुसरं. पाऊस सुरू होईपर्यंत पाच मुळं जुवावर पसरली होती, त्यातली दोन त्या तड्यात शिरली होती. मामाजींचं "मेलं का" विचारणं बंद झालं. पण ते बांडगूळ नव्हतं असंही ते म्हणाले नाहीत. हरलेला माणूस गप्प बसतो, त्याला आणखी काही म्हणायला लावू नये.

आणि मग पेरणीच्या ऐन दिवसांत आमचं चालू जू मोडलं. वापसा आलेला, म्हणजे जमीन पेरायला जेवढी ओल पाहिजे तेवढीच होती. असे दिवस दोन, फार तर तीन मिळतात. सगळं गाव रानात. मामाजी मोडलेले दोन तुकडे घेऊन दुपारी घरी आले. चिखलानं भरलेले पाय, तोंड उतरलेलं. ते तुकडे त्यांनी अंगणात टाकले आणि सरळ वळचणीखाली जाऊन उभे राहिले. मला लगेच कळलं. त्या जुन्या जुवाला तड्यावर लोखंडी पट्टी मारली असती तर पेरणीपुरतं ते चाललं असतं. घंटाभराचं काम. एकच गोष्ट होती, जुवावर माझं झाड होतं.

मी भांडी घासत होते. पदर ओढून उठायला लागले, तेवढ्यात मामाजी म्हणाले, "सुनबाई, हे काढलं त मरन का?"

बैल अंगणात नव्हता. आत्याबाई रानात होत्या. ते माझ्याशीच बोलत होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती, हे पहिलं वाक्य.

मी म्हटलं, "मरन."

खरं तर ते मरणार नव्हतं. ते झाड मी मोहावरून काढलं होतं, काट्यावर फेकलं होतं, आंब्यावर बांधलं होतं, आंब्यावरून सोडवलं होतं. आणखी एकदा हलवलं असतं तर महिनाभर रुसलं असतं आणि जगलं असतं. पण मी 'मरन' म्हटलं, आणि नजर भांड्यांवर ठेवली.

मामाजींनी एक मूळ बोटानं दाबून पाहिलं. मग तड्यात शिरलेल्या मुळापाशी नख नेलं, जरा ओढलं, ते सुटेना. "वाळल्या लाकडातून काय भेटलं असन याले?" ते म्हणाले. हे मला नव्हतं. मग अंगणातले दोन तुकडे उचलले आणि निघून गेले.

गावच्या सुताराकडं पेरणीच्या दिवसांत रांग असते. मामाजी दुपारपासून तिथं बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी नवं जू खांद्यावर घेऊन आले. पेरणीचा एक दिवस गेला. आत्याबाईंनी विचारलं, "घरचं जू होतं ना? त्याले पट्टी मारली असती." मामाजी म्हणाले, "ते कामाचं नाही." मी ज्वारी निवडत होते, मान वर केली नाही. पेरणी तिसऱ्या दिवशी उरकली. पीक बरं आलं, नाहीतर मला हे लिहिताना बरं वाटलं नसतं.

त्यानंतर मामाजी माझ्याशी बोलायला लागले असं काही नाही. भाकरी, मीठ, माहेर, बाजार, सगळं पुन्हा आत्याबाईंमार्फत, आणि आत्याबाई पुन्हा त्यात आपल्या मनाचं घालायच्या. पण झाडाचं काही असलं की मामाजी सरळ विचारायचे. "सुनबाई, पोतं ओलं केलं का?" "सुनबाई, हे पान काहून पिवळं झालं?" आत्याबाई म्हणायच्या, "झाडाले वेगळं टपाल हाय वाटते."

पुढच्या वैशाखात दांडी निघाली. अकरा फुलं लागली. आंब्यालाही त्या वर्षी टेकू द्यावे लागले. लोणच्याच्या कैऱ्या न्यायला बायका यायच्या आणि कोठ्यापाशी वास कशाचा म्हणून थांबायच्या. मोडकं जू आणि त्यावर जांभळी जीभ काढलेली फुलं. मामाजी ओसरीवरून उठून यायचे आणि समजावून सांगायचे.

"लोक याले बांडगूळ म्हन्तात. अडानी हायेत. हे कोनाचं काही खात नाही. मी वाळल्या लाकडावर बांधून पाह्यलं ना!"

आत्याबाई आत मला कोपरानं ढोसायच्या. "आयक वं. त्याईनं बांधलं म्हने."

मी म्हणायचे, "बांधू द्या."

मग त्यांनी दुसऱ्यांच्या आंब्यावर चढायला सुरुवात केली. बांडगूळ कापायला कोणी बोलावलं की ते जायचे, आणि असं झाड दिसलं तर विळ्याच्या टोकानं मुळं जपून सोडवून घरी आणायचे. तीन-चार वर्षांत आमच्या वळचणीला बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकाचा एक आरा, पेरायची मोडकी तिफन आणि एक फुटकं नांगराचं दांडकं टांगलेलं होतं, प्रत्येकावर एकेक. घरात मोडकं लाकूड शिल्लक राहिलं नाही. चुलीला लाकूड कमी पडलं की आत्याबाई आम्हा दोघांच्या नावानं बोटं मोडायच्या.

नातसुनेला मी दुसरं झाड आणून दिलं आहे. मुळं पांढरी झाली की पाणी, हिरवी झाली की बंद, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, चिठ्ठीतही हेच लिहिलं आहे.

ते झाड हलवलं असतं तरी मेलं नसतं, हे मी मामाजींना शेवटपर्यंत सांगितलं नाही. नवं जू मात्र चांगलं निघालं. बरीच वर्षं चाललं.